पुलाखालून जाऊ का?

आमच्या नातवाला, मयूरला, जेवायला वाढलं की ताटातली भाकरी वाळते, पण हा बाबा घास उचलत नाय. विचारलं तर म्हणतो, "काही नाही, आजी." काही नाही म्हणे! सारं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

हा रेल्वेत ट्रॅकमन. ओढ्याजवळ पाटावर रेल्वेचा पूल आहे, गेल्या द्राक्षांच्या हंगामात तिथं त्याची ड्यूटी होती. मी डबा घेऊन जायची न् पुलाच्या सावलीत टेकायची. पाटाला पाणी सुटलेलं, गार वारा यायचा. एक दिवस पाटाच्या रस्त्यानं ट्रॅक्टर आला. चालवणारी पोरगी! तेजल, वरच्या द्राक्षबागवाल्यांची. ट्रॉलीत क्रेटवर क्रेट रचलेले. पुलाला अडकतील म्हणून थांबली न् वर बघून ओरडली,

"अहो रेल्वे! जाऊ का खालून?"

मयूरनं वाकून पाहिलं, हिरवी झेंडी हलवली. ती हसली, गेली.

दुसऱ्या दिवशी क्रेट निम्मेच, तरी थांबली. "जाऊ का?"

ह्यानं लाल दाखवली.

"आता काय झालं?"

"गाडी येतेय."

"गाडी वरून जाणार, मी खालून!"

"तरी... थांबा ना जरा."

गाडी धडधडत गेली, पाण्यावर शहारा उठला, न् ही दोघं नुसती बघत राहिली. मी आपली डब्याचं फडकं उगाच झटकत बसले.

मग रोजचंच झालं. लाल झेंडी लांबत गेली. जाताना तेजल माझ्या ओच्यात घड टाकायची, "आजी, तुमच्या रेल्वेला पण द्या. आंबट लागली तर उद्या भांडायला सांगा."

शेवटच्या खेपेला ट्रॉली रिकामी होती. इंजिन बंद करून ती म्हणाली,

"उद्या सिन्नरचे लोक बघायला येतायत मला... जाऊ का?"

वर हा उभा. बागायतदाराची लेक, आपण रूळ ठोकणारे — असलं काहीबाही मनात आलं असणार. अरे, मागणी घालायला मी जिवंत होते की! खालून मी हातवारे केले, लाल दाखव, लाल...

ह्यानं हिरवी दाखवली.

पोरगी बराच वेळ वर बघत राहिली. मग ट्रॅक्टर चालू केला. मागं वळून पाहिलं नाय.

परवा ती लग्न होऊन सिन्नरला गेली, त्याच पुलाखालून. आज हा पुन्हा ताटावर तसाच. मी भाकरी पुढं सरकवली न् म्हटलं,

"मयूर, गाडी थांबवायला तुला साहेबाचा हुकूम लागतो. तिला थांबवायला कुणाचाच लागत नव्हता. जेव आता."