उत्तरेची भिंत

जर्मनीची लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. निजाम सरकारात जुन्या इमारती जपण्याचं काम नव्यानंच सुरू झालं होतं. मला नकाशे काढता येत, तेवढ्यावर तिथं नोकरी लागली आणि काम शिकायला मला सुंदररावांच्या हाताखाली दिलं. पोळा झाल्यावर आम्ही बीडहून निघालो आणि माजलगावच्या अलीकडं, सिंदफणेच्या काठच्या एका गावी तंबू ठोकला.

गावाबाहेर काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ होतं. शिखर कधीच गेलेलं. उत्तरेची भिंत ढासळून तिचे दगड बाभळींत विखुरलेले. त्या दगडांवर बायकांच्या मूर्ती कोरल्या होत्या. एकीच्या हातात आरसा, एक वाकून पायातला काटा काढतेय. अंगावरचे दागिने शाबूत होते. चेहरे तेवढे झिजून नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत झाले होते.

"आपण देऊळ बांधायला आलो नाही," सुंदररावांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं. "आहे ते पुढं टिकावं, एवढंच आपलं काम. आधी बघायचं, मग मोजायचं, मग कागदावर काढायचं, आणि त्यानंतर हात लावायचा. जिचं नाक गेलंय तिला नवं नाक बसवायचं नाही. ते खोटं होतं."

गावचे पाटील तात्याबा खूश होते. माणसं, बैल, दोर, सगळं त्यांनी पुरवलं. "आमच्या आज्यानं बी ही भित उभी बघितली न्हाई," ते म्हणायचे. "आमच्या डोळ्यांदेखत व्हतंय, लई झालं." त्यांची बायको भिवराबाई रोज दुपारी आमच्यासाठी भाकरी आणि पिठलं घेऊन यायची. मोठ्यानं बोलायची. हसली की तिचे डोळे गच्च मिटायचे.

काम सुंदररावांच्या पद्धतीनं, सावकाश झालं. प्रत्येक दगडाची जागा हुडकायची, तो तिथंच बसवायचा. छिन्नी कुणी उचलली नाही. दसऱ्याला भिंत उभी राहिली आणि गावानं तिला तोरण बांधलं.

मी मूर्तींची चित्रं पुन्हा काढायला बसलो. आरसेवालीच्या कपाळाखाली मला भुवई दिसली. तिरप्या उन्हाची सावली असेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. भुवईखाली डोळा होता.

सुंदरराव माझ्यावरच उखडले. "छिन्नी कुणी लावली?"

मी शपथ घेतली. त्यांनी भिंग लावून पाहिलं. ताजा घाव नव्हता, खाली भुकटी नव्हती. डोळ्याच्या खाचेत जुनं दगडफूल धरलेलं होतं. त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

"आधी बघण्यात आपलीच चूक झाली असेल," एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यानंतर लवकरच भिवराबाई भाकरी घेऊन आली आणि तात्याबांनाच विचारू लागली, "पाटील कुठं गेलेत?"

तात्याबा हसले. "आन् मी कोन हाय?"

ती बघत राहिली. आवाज ओळखीचा निघाला तशी तीही हसली. पण हसताना तिनं पदर पुढं ओढून घेतला, परक्या माणसासमोर ओढतात तसा.

मग ते गावभर झालं. डोळ्यांना कुणाच्या काही झालं नव्हतं, म्हाताऱ्यासुद्धा सुईत दोरा ओवत होत्या. पण पारावर बसलेली माणसं हाक मारल्याशिवाय एकमेकांना ओळखेनात. बायकांनी लेकरांच्या मनगटांना निरनिराळ्या रंगांचे दोरे बांधले.

मी भिवराबाईचं चित्र काढून पाहिलं. नथ आली, कुंकू आलं, लुगड्याचा काठ आला. समोर बघत होतो तोवर चेहरा होता. कागदाकडं मान वळवली की काहीच आठवेना.

"कावून थांबलात?" तिनं विचारलं.

मी कागद पालथा घातला.

भिंतीवरच्या सगळ्या बायकांना आता चेहरे आले होते. काटा काढणारी हसत होती. तिचे डोळे गच्च मिटलेले होते.

सुंदररावांनी भिंत उतरवायचं ठरवलं. उभ्या आयुष्यात त्यांनी जुना दगड जागचा हलवला नव्हता. पहार घालायला आम्ही सांध शोधू लागलो. सांध नव्हती. आम्हीच रचलेले दगड, पण नखसुद्धा कुठं अडकेना. सगळी भिंत एकच दगड झाली होती.

तात्याबांनी घण घातला. ओरखडासुद्धा उठला नाही. ते पायरीवर बसले.

"साहेब, दिवाळीला लेकी माहेरी येतील. काय सांगू त्यांना?"

सुंदरराव पहारी गोळा करू लागले.

लेकी आल्या. वेशीत उभ्या राहून आईला हाका मारू लागल्या. तोवर आवाजही उपयोगाचा राहिला नव्हता. समोर उभ्या बायका नुसत्या एकमेकींकडं बघत होत्या.

संध्याकाळी लेकींच्या गाड्या परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तंबू उतरवला. बैलगाडीनं गोदावरी ओलांडली आणि परभणीला आगगाडीत बसलो. मला वाटलं, आपण सुटलो.

हैदराबादेत भरदुपारी त्यांच्या घराची कडी वाजवली. त्यांच्या पत्नीनं, सरस्वतीबाईंनी दार उघडलं. मी त्यांच्या हातचं कितीदा तरी जेवलो होतो.

त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग सुंदररावांकडं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराआड सरकल्या.

"हे घरी नाहीत," त्या म्हणाल्या. "दौऱ्यावर गेलेत."

मी बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच सुंदरराव म्हणाले, "बरं. आले म्हणजे सांगा, आम्ही येऊन गेलो."

"नाव काय सांगू?"

सुंदरराव बराच वेळ आठवत राहिले.