दाराआडचं हूं

ही गोष्ट ऐकीव नाही. जिच्या घरात घडली ती ऋतुजा माझी मावसबहीण. घर सोनपेठात आहे, आजही. फक्त मधल्या खोलीचं दार नवीन आहे.

साल दोन हजार एकवीस. वैशाख.

वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची.

ज्यांना अशा गोष्टी रात्रीच घडतात असं वाटतं, त्यांनी त्या वर्षीची आमच्याकडची दुपार आठवून बघावी. एसटी बंद. बाजार बंद. रस्त्यावर कुत्रं नाही. लांबून ॲम्ब्युलन्स ओरडत यायची आणि एकदम गप्प व्हायची. कुणाच्या दारात गप्प झाली, ते घरोघर मनातल्या मनात ताडलं जायचं.

बोलायचं कुणी नाही.

पिवळा पट्टा

घरात माणसं तीन. ऋतुजा, तिचा नवरा महांतेश आणि मोठी जाऊ शिवकन्या. ऋतुजा त्यांना अक्का म्हणायची. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी पिंकी पुण्याला शिकायला, आणि तिथंच अडकलेली.

दुपारी जेवणं झाली की अक्का विणायला बसायच्या. ऋतुजा वाचायला. वाचनालयाला कुलूप लागायच्या आधी आणलेले जुने दिवाळी अंक होते. ती मोठ्यानं वाचायची, अक्का ऐकत विणायच्या.

एक गोष्ट, एक रंग. गोष्ट संपली की लोकर बदलायची. जुने स्वेटर उसवून काढलेली लोकर. पिंकीसाठी शाल चालली होती.

महांतेश चिडवायचा, "वैनी, अंगावर सदरा सहन होईना आन तुमी लोकर विणायलाव? पोरगी पुण्यात हाय, काश्मीरात न्हाई."

"तुमाला न्हाई विणत, भावजी. तुमच्यासाठी एक मोठा मास्क विणते. तोंडभर."

आणखी एक नेम होता. अक्कांच्या माहेरचा. वाचणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हूं द्यायचं. वाक्य संपलं की हूं. हूं थांबलं, म्हणजे ऐकणारा झोपला. पुस्तक मिटायचं.

तेवढा तास दोघीही फोनकडे बघायच्या नाहीत. फोनवर सगळ्यांचे स्टेटस एकसारखे असायचे. फुलं, समई, आणि ओळखीच्या माणसाचा हसरा फोटो.

त्या तासात कुणी मरायचं नाही.

मेंदी पट्टा

अक्कांना सर्वेक्षणाची ड्यूटी लागली. घरोघर जाऊन ताप मोजायचा.

त्या स्वतःच ताप घेऊन आल्या.

मधल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावून घेतली. "मी सांगेस्तोवर कुणी दार वाजवायचं न्हाई. आन दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई. गेलेलं एक माणूस चालत आलेलं बघितलं का तू?"

ताट उंबऱ्याशी ठेवायचं. बाजूला व्हायचं. कडी वाजायची, ताट आत जायचं. ऑक्सिजनचा आकडा अक्का आतून ओरडून सांगायच्या.

दुपार झाली. ऋतुजाला करमेना. ती दाराला पाठ लावून बसली.

"अक्का, वाचू का?"

"वाच की. सुया घेऊनच बसले मी."

आणि वाचन पुन्हा सुरू झालं. मध्ये दार. पलीकडून सुयांची टिकटिक... आणि हूं.

ऋतुजाला लय बरं वाटलं. कारण आता त्या हूंचा अर्थ वेगळा होता. हूं म्हणजे अक्का जागी आहे. हूं म्हणजे श्वास चालू आहे.

राखाडी पट्टा

राखाडी गोष्ट संपली आणि दुसऱ्या दिवशी ऋतुजानं नवी गोष्ट घेतली.

त्या दिवशी हूं जरा लवकर यायला लागलं.

म्हणजे असं. तिनं वाचलं, "म्हातारीनं कंदील उचलला आणि..."

हूं.

वाक्य अजून संपायचं होतं.

तिला वाटलं, अक्का दमल्या असतील. घाईत देत असतील. ती वाचत राहिली.

मग तिच्या ध्यानात आलं... आवाज खाटेवरून येत नव्हता. खालून येत होता. दाराच्या फटीपाशी, फरशीला गाल लावून कुणी ऐकत पडावं, तसा.

आणि सुया?

सुयांचा आवाज नव्हता.

तासभर वाचून ती उठली. चहा टाकला. तेवढ्यात फोन वाजला. अक्कांचा मेसेज.

"आज वाचलं न्हाईस का गं? लाल लोकर घेऊन बसले होते. वाट बघून झोप लागली."

ऋतुजा दाराशी गेली. "अक्का! तासभर वाचलं की! ताप डोक्यात गेला का तुमच्या?"

आतून खोकला आला. मग क्षीण हसू.

"मला तर एक अक्षर न्हाई आलं बाई ऐकू."

"मंग हूं कोण द्यायलं होतं?"

"भिंत आसंल. तिलाबी करमत नसंल."

दोघी हसल्या. दाराच्या दोन्ही बाजूंनी.

अक्कांचं ते शेवटचं बोलणं.

लोकर नाही

दुसऱ्या दिवशी महांतेश सकाळीच परभणीला गेला. बेडसाठी. कुणाकुणाला फोन करून, हातापाया पडून.

ऋतुजानं ताट ठेवलं. कडी वाजली नाही.

"अक्का, भूक न्हाई का?"

हूं.

"ऑक्सिजन किती दाखवायलंय?"

हूं.

"आकडा सांगा की."

हूं.

तिला राग आला. मग वाईट वाटलं. बोलायची ताकद नसेल. पण हूं तर येतंय ना. हूं येतंय तोवर...

दुपारी फोन आला. महांतेश धापा टाकत होता.

"अगं, भेटला! ऑक्सिजनचा भेटला! गाडीवाला गंगाखेडातच हाय, तासात येतो. वैनीला इचार. यायला तयार हायत का ते आदी इचार, न्हाईतर गाडी दारात आन ह्या कडी काढणार न्हाईत."

"त्यांना काय इचारायचं? पाठवा तुमी."

"अगं मागं लाईन हाय! दवाखान्यातला म्हणायलाय, पक्कं सांगा न्हाईतर दुसऱ्याला देतो. इचार लवकर!"

ऋतुजानं त्याला होल्डवर ठेवून आधी अक्कांना फोन लावला. आत वाजला. वाजून थांबला.

मग तिनं स्वतःचा फोन स्पीकरवर टाकला आणि दाराला तोंड लावलं.

"अक्का, बेड भेटलाय. जायचं ना?"

काहीच नाही.

पंखा फिरतोय. बाहेर ऊन.

"अक्का?"

...

"अंहं."

इतके दिवस हूं. आज पहिल्यांदा, अंहं.

"हट्ट नका करू अक्का. पिंकीसाठी तरी."

"अंहं."

हळू. मायेनं. लेकरू कुशीत घेऊन म्हणावं, तसं.

 स्पीकरवर महांतेश म्हणाला, "ऐकलं मी. वैनीनं पहिलंच सांगितलं हुतं. काय करू? ओढून न्यावं का?" तो रडायला लागला होता. "देतो मागच्या माणसाला."

फोन बंद झाला.

ऋतुजा तिथंच बसली. खूप वेळ. मग तिला दुसरं काही सुचेना म्हणून तिनं अंक उघडला.

"वाचू का मंग?"

हूं.

तिनं वाचलं. एका जागी तिची नजर चुकली, दोन पानं एकदम उलटली. मधलं पान तिनं वाचलंच नाही. तोंड मिटून ती ते पान शोधत होती.

हूं.

ती थांबली. श्वासही घेतला नाही.

हूं... हूं... हूं...

कुणी वाचत नव्हतं. कुणीतरी ऐकत होतं.

अर्धवट

महांतेशनं दार फोडलं, पण आल्या आल्या नाही. दुसऱ्या दिवशी फोडलं. आदल्या संध्याकाळी दोघंही दाराबाहेर उभी होती, आतून हूं येत होतं, आणि महांतेश म्हणाला होता, झोपू दे त्यांना.

अक्का खाटेवर होत्या. भिंतीकडं तोंड. दारापासून लांब. हातात लाल लोकरीचा गुंडा, एकही टाका न घातलेला. मांडीवर शाल... पिवळा, मेंदी, राखाडी. तिथंच संपलेली.

दाराच्या फटीपाशी फरशीवर दोन दिवसांत साचलेली पातळ धूळ होती. त्या धुळीत काहीच उमटलं नव्हतं.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. लांबूनच बघितलं. महांतेशनं विचारलं, "कवा गेल्या?"

"आजच्या नाहीत."

"काल दुपारी बोलल्या ना आमच्याशी."

 हातमोजे काढता काढता डॉक्टर म्हणाले, "या उन्हात नक्की सांगता येत नाही. काल असतील. काल सकाळ... किंवा रात्र. नाही सांगता येणार."

आमच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून पुरतात. अक्कांना प्लास्टिकमध्ये आडवंच नेलं. पिंकीनं ते व्हिडिओ कॉलवर बघितलं. मध्येच रेंज गेली.

नवीन दार

पिंकी आली तेव्हा उन्हाळा उतरला होता. दार बसवून झालं होतं, त्याला रंगाचा वास होता.

ती रडली नाही. जेवली. भांडी घासू लागली. मग हात पुसत ऋतुजासमोर येऊन उभी राहिली.

"काकू, काका म्हणतात, बेड मिळाला होता. आईच नको म्हणाली."

ऋतुजा ओटा पुसायला लागली.

"काकांनी फोनवर ऐकलं. तुम्ही तर दाराशी होता. खरं सांगा. आईच म्हणाली ना?"

"... होय."

"दोनदा?"

"होय."

पिंकीनं मान हलवली. "तुम्ही माझं नाव घेतलं होतं, असं काका म्हणाले. तरी नाही म्हणाली."

"पिंकी, तापात माणूस..."

"मग मी तिच्यासाठी रडणार नाही, काकू. तिला माझ्यापेक्षा तिचा हट्ट मोठा होता."

त्या दिवसापासून ती आईचं नाव काढत नाही. फोटो लावलेला नाही. पहिल्या पुण्यतिथीला आली नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. लोकांना सांगते, मला आई नाही. मेली असं म्हणत नाही. नाही, म्हणते.

ऋतुजाला वाटतं, तिला एकदा समोर बसवावं. सांगावं की, बाळा, ते तुझी आई बोललीच नसंल.

पण मग पिंकी विचारणार, माझी आई नाही तर कोण?

आणि तो प्रश्न त्या घरात मोठ्यानं विचारू द्यायची ऋतुजाची हिंमत नाही.

उत्तर येईल म्हणून.