दोन फूट अलीकडचा ठिपका

मैदान आखायची दोरी ताणून धरत मी उलट्या पावलांनी मागे सरकत होते. मागे कोणी असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. सकाळी सहाला आमच्या मैदानावर दव असतं, एखादं कुत्रं असतं आणि मी असते. त्यामुळे पाठ कुणावर तरी आपटली, तेव्हा हातातलं फक्कीचं डबडं सुटलं आणि पांढरा ढगच उडाला.

ढग खाली बसला तर समोर एक तरुण. केसांपासून बुटांपर्यंत पांढरा. पापण्यासुद्धा.

"मी पंच आहे," तो म्हणाला. "रविवारच्या फुटबॉल फायनलचा. मैदान तपासायला आलोय."

"मग आधी स्वतःला झटका. नाहीतर पोरं तुमच्यावरून कॉर्नर मारतील."

बोलून गेले आणि मीच हबकले. चारचौघांत माझा आवाजही फुटत नाही... आणि हे काय तोंडातून आलं? तो मात्र हसला. पापण्यांवरची फक्की गालांवर सांडली.

मैदान आखणं हा आमच्या घरचा नेम. आधी चौदा वर्षं आई आखायची. तिचे गुडघे गेले तशी गेली आठ वर्षं मी आखते. आखणी झाली की जर्सी धुवायच्या, उसवलेल्या शिवायच्या. क्लबचा सेक्रेटरी माझा सख्खा मामा. मामा मनाने वाईट नाही. तो लीगचा फॉर्म भरतो, आणि 'मैदान आखणाऱ्याचे नाव' या रकान्यात दर वर्षी स्वतःचं नाव घालतो. मागच्या वर्षी मी धीर करून म्हटलं होतं, "मामा, एकदा तरी आईचं लिही ना."

"अगं, घरचं काम ते. घरच्या कामावर कोणी नाव घालतं का?"

आई तिथेच होती. तिने हातातल्या जर्सीची बाही उलटी केली आणि शिवत राहिली. त्या दिवसापासून फायनल कोण जिंकतं याच्याशी मला घेणंदेणं उरलं नव्हतं. मला तो रकाना हवा होता.

मैदान तपासणं हे नियमाने अर्ध्या तासाचं काम. आधीचे पंच तर गाडीतून न उतरताच सही करायचे. हा चार दिवस आला. मंगळवारी बाजूच्या रेघा, बुधवारी कोपरे, गुरुवारी गोलपोस्ट. रोज टेपचं एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या.

"टेप जरा सैल सोडा," मी म्हणायची.

"सैल सोडली की तुम्ही लांब जाता."

"टेप शंभर फुटांची आहे. जाऊन जाऊन किती लांब जाणार?"

"तेच मोजतोय..."

मी मान खाली घालून खुणेचा खिळा शोधायची. खिळा समोरच असायचा.

शुक्रवारी पेनल्टीचा ठिपका राहिला होता. बारीक भुरभुर सुरू होती. त्याने टेप लावली, वाकून पाहिलं. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा मोजताना तो गुडघ्यांवर बसला आणि त्याचा चेहरा उतरला.

"दोन फूट कमी आहे."

"शक्यच नाही."

"या बाजूला दोन फूट. त्या बाजूलाही... बघा, दोनच."

बाकी प्रत्येक खुणेला जमिनीत खिळा ठोकलेला आहे. ठिपक्याला नाही, तिथे पोरांचे पाय पडतात म्हणून. तिथे आईने पहिल्या वर्षी गोलरेषेपासून बारा यार्ड म्हणून बारा पावलं मोजली, तेवढ्यावर दोरीला गाठ मारली, आणि ती गाठ मी आठ वर्षं डोळे मिटून वापरली. आईची पावलं लहान. हे एवढं साधं... बावीस वर्षांत कुणालाच कळलं नव्हतं.

नेमका तेव्हाच मामा छत्री घेऊन आला. "काय पंचसाहेब, सही झाली?"

"ठिपका चुकलाय. दोन फूट. आज दुरुस्त झाला नाही तर फायनल दुसऱ्या मैदानावर न्यावी लागेल."

मामा पांढराफटक पडला. मग त्याने छत्रीचं टोक माझ्याकडे वळवलं. "मी नाही हो. हिने आखलंय ते."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते निघालं, आणि निघालं ते असं.

पंचाने शांतपणे फॉर्म काढला. "इथे तर तुमचं नाव आहे."

"ते आपलं नावापुरतं..."

"म्हणजे पूर्ण मैदान यांनीच आखलं?"

"तर काय. आधी माझी बहीण, मग ही. मी कशाला फक्कीत हात घालतोय?"

बोलून झाल्यावर मामाला कळलं आपण काय बोललो. पंचाने मामाच्या नावावर सरळ रेघ ओढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आईंचं पूर्ण नाव सांगा. मग तुमचं."

मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. त्याने दोन्ही नावं लिहिली आणि पुढे शेरा: 'रेघा, कोपरे, वर्तुळ अचूक. ठिपका समक्ष दुरुस्त.' मग आम्ही तो ठिपका खरोखरच मागे नेला. टेप त्याने धरली, फक्की मी टाकली.

"आता एकच रकाना उरला," तो म्हणाला. पेन हवेतच होतं. "यजमान क्लबमधील कोणाशी पंचाचा निकटचा संबंध आहे काय."

"लिहा नाही म्हणून. त्यात काय विचारायचं?" मामा म्हणाला.

"दर वेळी तेच लिहितो. आज खोटं होईल." तो माझ्याकडेच बघत होता. "आहे म्हटलं तर फायनल दुसऱ्या पंचाकडे जाते. माझी पहिलीच होती. पण ते सोडा... तुमच्या मनात नसेल तर आत्ता सांगा. मी 'नाही' लिहीन, आणि पुन्हा टेप घेऊन येणार नाही."

मामा माझ्याकडे बघतोय, पाऊस रेघांवर पडतोय. शेवटी मी त्याच्या हातातलं पेन घेतलं. फक्कीच्या बोटांनी, वेड्यावाकड्या अक्षरात मीच लिहिलं — आहे.

मामा ओल्या गवतात मटकन बसला.

रविवारी शिट्टी दुसऱ्याच पंचाने वाजवली. टेपवाला पंच प्रेक्षकांत होता, माझ्या आणि आईच्या मधे. एका गोलाने मागे असताना शेवटच्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली. आमच्या कॅप्टनने या मैदानावर आजवर एकही पेनल्टी चुकवली नव्हती. तो धावत आला, मारला... आणि चेंडू आडव्या दांड्यावरून पार बाहेर. सगळं मैदान गार. कॅप्टन ठिपक्याकडे बघतच राहिला. मग त्याने गर्दीकडे वळून विचारलं, "ए, हा ठिपका कुणी आखलाय?"

हा प्रश्न त्या मैदानावर कधी कुणी विचारलाच नव्हता. शेकडो माना इकडे तिकडे वळल्या. मी काही म्हणायच्या आत आई दुखऱ्या गुडघ्यांवर हात रेटून उभी राहिली.

"मी आणि माझ्या लेकीने," ती म्हणाली. "आता बरोबर आहे तो. सराव कर."

आधी विरुद्ध संघाचा गोलकीपर हसला, मग कॅप्टन, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. आम्ही हरलो होतो. आई खाली बसली, पदर सारखा केला आणि आमच्याकडे न बघता शेजारच्या पंचाला म्हणाली, "तिचा हात धरायचा तर नीट धरा. असं चोरून काय?"