त्रेपन्न किलो

चौतीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक होतो. दुकानांतले, गोदामांतले काटे तपासायचे, खोटा निघाला की जप्त करायचा. काट्यांवर माझा विश्वास आहे, माणसांवर बेताचाच.

जुन्या विमानांचं वेड माझ्या बायकोला. गावाबाहेर गवताची धावपट्टी आहे, तिथे दर रविवारी लाकडाची न् कापडाची दोन आसनी विमानं उडतात, ही बातमी तिनंच कापून ठेवली होती. "पुढच्या रविवारी नक्की," म्हणत मी वर्षानुवर्षं तिच्या तोंडाला पानं पुसली. ती जाऊन आठ महिने झाले. घर खायला उठतं, म्हणून शेवटी मी एकटाच गेलो.

दुपारचं ऊन होतं. कापलेल्या गवताचा आणि पेट्रोलचा वास येत होता. पत्र्याच्या हँगरमध्ये एक म्हातारा मेकॅनिक निळ्या विमानाचा लाकडी पंखा पुसत होता. चक्कर मारायची तर आधी काट्यावर उभं राहायचं, असा तिथला नियम. विमान हलकं, पुढच्या आसनाला नव्वद किलोची मर्यादा. मला तो नियम मनापासून आवडला.

मी चढलो. काटा एकशे एकवीसवर थांबला.

मी अडुसष्ट किलोचा आहे. अशा काट्याची हजेरी घेतल्याशिवाय मी कसला राहतो! विमानाच्या समतोलासाठी ठेवलेली वीस-वीस किलोची लोखंडी वजनं मागून घेतली, एकेक चढवली. वीस, चाळीस, साठ. गुंजभर फरक नाही. मग मेकॅनिक चढला. चौऱ्याहत्तर, नेहमीचंच, म्हणाला. पुन्हा मी चढलो. एकशे एकवीस.

वजाबाकीला मला कागद लागत नाही. त्रेपन्न. आजारी पडेपर्यंत ती लग्नातल्याइतकीच, त्रेपन्न किलोची राहिली होती, आणि त्याचा तिला कोण अभिमान.

विमानाकडून आलेल्या पायलटबाई काट्याकडे बघत म्हणाल्या, "काका, एवढं वजन नाही नेता येणार."

मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. पण उडायचंही होतं. इतक्या उशिरा का होईना, आलो होतो.

मान खाली घालून मी पुटपुटलो, "तू थांब इथे. मी पटकन जाऊन येतो. पुढच्या रविवारी तू."

काटा अडुसष्टवर आला.

उन्हानं अडकला असेल, असं पायलटबाई म्हणाल्या. मी मान डोलावली.

वीस मिनिटं मी वर होतो. पंखांच्या तारांतून वारा शीळ घालत होता. नदी, शेतं, छपरं. तिला सांगायचं म्हणून सगळं पाठ करत होतो. खाली धावपट्टीकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

उतरलो तेव्हा मेकॅनिक काट्यापाशीच उभा होता. हातातलं फडकं तसंच.

"तुम्ही गेल्यावर काटा त्रेपन्नवर होता," तो म्हणाला. "वर कोणी नव्हतं."

"मग?"

"तुमचं विमान इथे डोक्यावरून गेलं, तेव्हा काट्याची फळी कुरकुरली. कुणी टाचा उंचावल्यावर कुरकुरते ना, तशी. तुम्ही बघितलं नाहीत. मग काटा हळूहळू शून्यावर गेला."

मी काट्यावर चढलो. उतरून पुन्हा चढलो.

आता मी दर रविवारी जातो. उडत नाही. नुसता काट्यावर उभा राहतो.

अडुसष्ट. गुंजभर फरक नाही.