कापलेला अर्धा गुण

तिला उशीर झाला आणि वर्गात एकच जागा उरली होती… त्याच्या शेजारी! ती टेकते न टेकते तोच रसायनशास्त्राच्या बाईंनी प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाटल्या. बाईंचा रोजचा शिरस्ताच तो. तासाच्या सुरुवातीला छोटी चाचणी, शेजाऱ्याला वेगळे प्रश्न, मग कागद बदलायचे आणि पुस्तकात बघून एकमेकांचे तपासायचे. "रोज विचारलं की रोज वाचाल," बाई म्हणत, "आणि कुठे अडतंय तेही कळेल."

त्याने तिचा अर्धा गुण कापला.

"फक्त एकक लिहायचं राहिलं होतं!" ती फणफणली.

"राहिलं म्हणजे चुकलं," तो गालात हसला. "उद्या वाचून ये."

मेला दगड कुठला! त्या दगडाची जिरवायची म्हणून ती खरंच वाचून येऊ लागली. आणि बसू लागली त्याच बाकावर. त्याच्या बाहीवरचा शाईचा डाग दिसला नाही, तर तिला चुकल्या-चुकल्यासारखं होई.

तो पहाटेपासून वडिलांच्या छापखान्यात राबून यायचा. "या वर्षी नापास झालो तर कॉलेज बंद," तो सांगायचा, "आमच्या तीर्थरूपांचा हुकूम आहे."

एक दिवस त्याची जवळजवळ सगळी उत्तरं चुकली. त्याचे तांबारलेले डोळे बघून तिचं काळीज तुटलं. तिने चुकांवर बरोबरची खूण केली. मग रोजच.

"सगळं बरोबर? तुझा हात लाभला बघ मला!"

ती लाजून खाली बघायची.

निकाल लागला. ती चांगल्या गुणांनी पास झाली. तो रसायनशास्त्रात नापास.

"सगळं तर येत होतं गं मला…" तो फलकासमोर पुटपुटला.

"नव्हतं येत," तिला हुंदका आवरेना. "मीच खोटे गुण देत होते… तुझा पडलेला चेहरा बघवत नव्हता रे. आवडतोस तू मला—"



"मलाही आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. म्हणून तर अर्धा गुणसुद्धा सोडला नाही तुला."

आणि तो गेला. तिने हाक मारली, पण त्याने वळून पाहिलं नाही.

नव्या वर्षी पुन्हा चाचणी सुरू झाली. "बदला कागद!" बाई म्हणाल्या. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं. तिने आपलाच कागद पुढे ओढला, एकक राहिलेलं दिसलं, आणि मुकाट्याने अर्धा गुण कापला.