चालून मोजलेली राजधानी

नकाशा मशीनमधून अर्धा बाहेर आला आणि वीज गेली. भिलाईत, वैशाली नगरच्या छपाईच्या दुकानात मिताली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चार महिने खपून तिने एक राज्य रचलं होतं… डोंगर, नद्या, किल्ले, राजधानी! पुण्याच्या एका गेम कंपनीला ते महिनाअखेर हवं होतं. पसंत पडलं तर घरबसल्या नोकरी.

"मॅडम, पहाड़ पे ये रेल लाइन है क्या?"

मागे एक उंच मुलगा उभा होता. काखेत कागदांची गुंडाळी, डोळ्यांत मिश्किली.

"घोड़ों का रास्ता है," ती फटकन म्हणाली आणि मग पुटपुटली, "मोठा शहाणा आला."

"शहाणा तर हावच मी," तो चक्क मराठीत म्हणाला. "ईशान. दुर्गचा. जमीन मोजाचंच काम करतो. घोड्याले एवढा वळसा कावून? तो सरळ चढते."

मितालीचे कान लाल झाले. भिलाईच्या बाजारात आपली पुटपूट कोणाला कळेल असं थोडंच वाटतं! आणि मेला बोलत होता ते खरंच होतं. तिचे बाबा, शेषराव, जन्मभर रेल्वेच्या रुळांवर मुकादम. शंभर पावलांत एकच पाऊल चढायचं, हे ती त्यांचं बोट धरून शिकली होती. तिच्या राज्यातले रस्तेही रुळांसारखेच चढत होते, आणि गावं दर आठ किलोमीटरवर, स्टेशनांसारखी.

"आणि राजधानी पार कराले किती वेळ लागते?" त्याने विचारलं.

मितालीने नकाशावर वितीने अंतर मोजलं, मग खांदे उडवले.

"मग उद्या भिलाईच राजधानी समजून चालून पाहू."

दोघं चालले. एकदा नाही, पुरे तीन आठवडे. कोहक्यापासून सेक्टर 10 पर्यंत तो पावलं मोजायचा, ती वहीत लिहायची. थंडीतलं कोवळं ऊन, कागदाच्या पुडीत मीठ लावलेली बोरं… "राजाचा दूत दमला," म्हणत तो मध्येच पुलावर बसायचा. नकाशावर तिचे किल्ले पांगले, बाजार ऐसपैस झाला. एकदा रस्ता ओलांडताना त्याने तिची बाही धरली — आणि सोडायला विसरला.

"किती झाली पावलं?" तिने हळूच विचारलं.

"…माहीत नाही."

"मोजणीवाले ना तुम्ही?"

"आज नाही."

तिला हसू आवरेना. त्या दिवशी वहीचं पान कोरंच राहिलं.

आणि अचानक रविवारी नागपूरचे पाहुणे आले, मुलगी पाहायला. शेषरावांनी सगळं परस्पर ठरवलं होतं. दिवाणावर पसरलेला नकाशा पाहून मुलाची आई गोड हसली. "छान हाय बाप्पा. पण लग्नानंतर हे नाही जमणार. घर पाहा लागते."

शेषरावांनी मान डोलावली. त्या बाईंचं बोलणं मितालीने सोसलं असतं, बाबांची मान मात्र तिला सोसवली नाही.

"मग लग्नच नाही जमणार, काकू."

पोह्यांच्या बशा जागच्या जागी थांबल्या.

"मिताली!" शेषराव ओरडले.

"बाबा, हे माहं काम हाय. महिनाअखेर मी ते देणार. आणि मले दुसरा मुलगा पसंत हाय. ईशान. दुर्गचा."

तिने चपला पायात सरकवल्या. आई, कांताबाई, दारापर्यंत धावत आली. "अवं, कुठं जाऊन राहिली?"

"ज्याले सांगाचं राहिलं, त्याले सांगाले!"

कोहक्यातल्या मोजणीच्या ऑफिसात ईशान रविवारीही एकटाच रेषा आखत बसला होता. ती धापा टाकत दारात उभी राहिली.

"घरी सांगून आली मी… ईशानच पाहिजे म्हणून. पाहुण्यांसमोर. तुले विचाराचंच राहिलं."

त्याच्या हातातली पट्टी टेबलावर पडली. पट्टी उचलून त्याने बाजूला ठेवली. मग गालात हसला. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही म्हण. तिथं तरीबी लग्न नाही करत मी. नकाशा देणारच."

ती दारातून हलली नाही.

ईशान उठला, तिच्याजवळ आला. "पहिल्याच दिवशी आवडली होती मले तू. शहाणा म्हटलं ना, तवाच. सांगाची हिंमत नव्हती… पाहुणे गेले काय?"

"नाही. पोहे खाऊन राहिले होते."

"मग चाल लवकर. मीबी त्याइच्यासमोरच सांगतो."

भर दुपारी, भर रस्त्यात मितालीने त्याचा हात धरला, आणि दोघं घराकडे निघाले.