सत्तावीस आणि एकवीस

"सगळे बाजूला व्हा. आता चारही चाकं लावतो," नीलकंठ आजोबा म्हणाले आणि त्यांनी मोठ्या गिअरच्या बाजूचा छोटा दांडा मागे ओढला.

जीप अंगणातून फाटकाकडे निघाली. दोन हात गेली असेल नसेल, तेवढ्यात खालून कर्रकर्र आवाज आला. गाडीला झटका बसला आणि इंजिन बंद पडलं.

"गेली," पुष्कर म्हणाला.

"कुठं गेली? इथंच तर आहे," इरा म्हणाली. ती नऊ वर्षांची होती आणि कोणाचंही कोणतंही वाक्य तसंच सोडून देत नसे.

आजोबांनी दांडा पुढे केला, परत इंजिन सुरू केलं. आता जीप सुरळीत फाटकापर्यंत जाऊन मागे आली. नुसती मागची दोन चाकं लावली, म्हणजे इंजिनाला जोडली, की चालायची. चारही लावली की अडायची. सकाळपासून ही पाचवी वेळ होती.

ही जीप गोदावरी आजीची. रायपूरहून पस्तीस किलोमीटरवर त्यांची सहा एकर शेती होती. शेताच्या अलीकडे एक नाला लागायचा. त्याच्या वाळूत साध्या गाड्या रुतून बसायच्या, म्हणून आजीने सेकंडहँड जीप घेतली आणि तीस वर्षं स्वतः चालवली. दोन वर्षांपूर्वी आजी गेली. तेव्हापासून जीप रायपुरातल्या, तात्यापाऱ्यातल्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, आणि आजोबाही शेतावर गेले नव्हते.

मग या उन्हाळ्यात एका सकाळी आजोबांनी ताडपत्री काढली. रेल्वेत आयुष्यभर तिकिटं देणाऱ्या या माणसाने आधी साधा स्क्रूसुद्धा पिळला नव्हता. मोबाईलवर बघून बघून त्यांनी इंजिन उघडलं, वायरी बदलल्या, गंजलेला पत्रा घासला. शाळेतून आल्यावर इरा आणि तिची मोठी बहीण श्रावणी हाताखाली असायच्या. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा आतेभाऊ पुष्कर नागपूरहून आला, तोवर फक्त रंग द्यायचा राहिला होता. तो देऊन झाला, आणि आता हे.

श्रावणीचे बाबा, देवीदास, ऑफिसला जाता जाता थांबले.

"धर्मपाल मिस्त्रीशी फोनवर बोललो मी," ते म्हणाले. "तो म्हणतो, गिअरबॉक्स गेला. याचे पार्ट आता भेटत नाहीत. बाबा, तो हायवेवरचा रिसॉर्टवाला मागून राहिला ना, त्याला देऊन टाकू. रविवारी सकाळी क्रेन पाठवतो म्हणाला."

"तो काय करणार जीपचं?" श्रावणीने विचारलं.

"फाटकासमोर ठेवेल. आत कुंड्या लावेल. लोक फोटो काढतील."

"कुंड्या?" इरा म्हणाली. "आजीच्या जीपमध्ये?"

"मग काय करू? दिवसभर बाबा हिच्याजवळ बसून राहतात. मले नाही बघवत." देवीदास एवढंच बोलले आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.

आजोबा फक्त "बरं" म्हणाले आणि हात न धुताच आत गेले. जीप गेली तर आजोबा पुन्हा शेताचं नाव काढणार नाहीत, हे श्रावणीला कळलं. आज गुरुवार होता.

"गिअरबॉक्स जाणं म्हणजे काय असते?" तिने पुष्करला विचारलं.

"मले काय माहीत? मी सायकल चालवतो."

इरा अंगणात उकिडवी बसली होती. "दीदी, हे बघ ना. पुढच्या चाकाखाली काळे पट्टे आहेत. मागच्या चाकाखाली काहून नाहीत?"

श्रावणी वाकली. सिमेंटवर पुढच्या दोन्ही टायरांचे काळे पट्टे उमटले होते. मागे फरशी स्वच्छ होती.

"पुढची चाकं घासून राहिली," ती सावकाश म्हणाली. "मागची नीट फिरतात. गिअरबॉक्स तर दोघांचा एकच आहे. मग पुढच्यांनाच काय झालं?"

पुष्कर आता खरंच विचार करू लागला. "समज, दोन सायकली एकमेकींना बांधल्या. दोघंही सारखेच पायडल मारून राहिले, पण एकाने गिअर बदलला. तर?"

"तर एक पुढे पळेल, दुसरा अडवेल. दोघंही पडतील."

"मग पुढच्या चाकांचा गिअर वेगळा आहे काय, ते मोजायचं."

ते आजोबांकडे गेले. आजोबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आजोबा, जॅक लावून द्या ना. आम्हाला लावू देत नाही तुम्ही," श्रावणी म्हणाली.

"आता कशाला, बेटा?"

"मोजायचं आहे. आमच्यापैकी कोणाला नीट मोजता येत नाही."

हे खोटं होतं, पण ते बरोबर लागू पडलं. आजोबा उठून बसले. "तीस वर्षांत माझं एक तिकीट कमीजास्त झालं नाही," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

त्यांनी बाकीच्या चाकांना विटा लावल्या आणि मागचं एक चाक जॅकवर उचललं. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे एक लांब लोखंडी दांडा जातो. तो फिरला की चाकं फिरतात. श्रावणीने चाकावर आणि त्या दांड्यावर खडूने रेघ मारली. पुष्करने हाताने चाक दहा वेळा फिरवलं. आजोबा जमिनीवर आडवे होऊन दांड्याचे फेरे मोजत होते.

"सत्तावीस. थोडासा कमी."

मग पुढचं चाक उचललं. पुढच्या चाकांकडेही तसाच दांडा जातो. त्यालाही दहाच वेळा फिरवलं.

"एकवीस."

"परत मोजा," इरा म्हणाली.

आजोबांनी परत मोजलं, मग तिसऱ्यांदा मोजलं. एकवीसच. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या केसांना ग्रीस लागलं होतं.

"पण गोदावरी तर चारही चाकं लावून नाला पार करायची," ते म्हणाले. "तेव्हा काही आवाज नव्हता."

"आजोबा, पुढचं काही बाहेर दिलं होतं काय?" श्रावणीने विचारलं.

"ब्रेकच्या कामाला. पुढच्या दोन चाकांमधला अख्खा अ‍ॅक्सल, आतल्या गिअरसकट काढून धर्मपालकडे पाठवला होता."

शुक्रवारी सकाळी तिघं टाटीबंधला धर्मपालच्या गॅरेजमध्ये पोहोचले. धर्मपाल एका ट्रकच्या खाली होता. त्याचे फक्त पाय दिसत होते.

"भैया, हमारा अ‍ॅक्सल बदल गया है," पुष्कर म्हणाला.

"जा बाबू, स्कूल जा," ट्रकखालून आवाज आला.

"छुट्टी है."

"तो पतंग उड़ा. बाईस साल से यही काम कर रहा हूँ. मेरे यहाँ कुछ नहीं बदलता."

श्रावणी खाली बसली. "हव भैया, आप से नहीं हुआ होगा. भीड़ बहुत रही होगी ना उस समय? सब की जीप एक साथ आ गई होगी."

"कहाँ की भीड़? दो ही तो जीप थीं. एक तुम्हारी, एक रामकृष्ण सेठ की बारात वाली. दोनों के अ‍ॅक्सल पे एक ही लाल रंग मारा था मैंने, यहीं बाजू-बाजू रख के..."

आवाज मध्येच थांबला. ट्रकखालचे पायही हलायचे थांबले.

"धन्यवाद भैया," श्रावणी म्हणाली.

रामकृष्ण सेठचं कपड्याचं दुकान पंडरीत होतं. दुकानामागच्या सिमेंटच्या आवारात त्यांची जीप उभी होती, नखशिखान्त सोनेरी. लग्नाच्या वरातीत नवरदेवाला बसवायला ते ती देत असत.

"मेरी गाड़ी में कोई खराबी नहीं है," सेठ म्हणाले. "मैं क्यों खुलवाऊँ? देवउठनी एकादशी के बाद रोज बारात है."

पुष्कर काही बोलणार होता. श्रावणीने त्याच्या पायावर पाय दिला.

"गाड़ी तो बहुत सुंदर है अंकल," ती म्हणाली. "ये सिर्फ दिखाने की है, या फोर व्हील भी लगता है?"

"दिखाने की?" सेठना ते लागलं. "ओरिजनल जीप है, बेटा. सब लगता है."

"हमारी में तो नहीं लगता," इरा म्हणाली. "आपकी में भी नहीं लगता होगा."

सेठ गल्ल्यावरून उठले. जीपमध्ये बसले, छोटा दांडा ओढला आणि ऐटीत गाडी सोडली. दोन हातांवर कर्रकर्र झालं. सोनेरी जीप झटका खाऊन बंद पडली. छतावरची झालर सेठच्या तोंडावर आली.

ती बाजूला करून त्यांनी खाली उभ्या तिघांकडे पाहिलं. "अब बताओ," ते म्हणाले, "क्या गिनना है?"

मागे दहाला एकवीस. पुढे सत्तावीस. अगदी उलटं.

शनिवारी धर्मपाल स्वतः तात्यापाऱ्यात आला. त्याच्यासोबत सोनेरी जीपही होती. दिवसभर दोन्ही गाड्या अंगणात विटांवर उभ्या राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत दोन अ‍ॅक्सल आपापल्या घरी गेले. धर्मपालने पैशाचं नाव काढलं नाही. जाताना तो आजोबांना म्हणाला, "बाबूजी, इस लड़की को मेरे यहाँ भेज दीजिए." श्रावणी म्हणाली, "भैया, स्कूल है," आणि पहिल्यांदा तो हसला.

रविवारी आठ वाजता क्रेन आली. देवीदास फाटक उघडायला गेले, तोच मागून आजोबा बोलले.

"त्याला परत पाठव. मले शेतावर जायचं आहे."

"आणि अडली तर?"

"तूही बैस ना. अडली तर धक्का मारशील."

नाल्याच्या काठावर आजोबांनी जीप थांबवली. समोर वीस पावलं वाळू होती, मधून पाण्याची बारीक धार. तीस वर्षं ते इथून गेले होते, पण नेहमी बाजूच्या सीटवरून. त्यांचा हात त्या छोट्या दांड्यावर ठेवलेला तसाच राहिला.

मग त्यांनी दांडा ओढला. जीप वाळूत उतरली. चारही चाकं एकदम वाळू खात पुढे निघाली. खालून कसला आवाज नव्हता. जीप पाण्यातून समोरचा चढ चढली आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधापाशी जाऊन थांबली.

इंजिनाचा आवाज ऐकून शेत सांभाळणारी मंदाकिनी ओल्या हातांनीच धावत बाहेर आली. तिने आधी स्टिअरिंगकडे पाहिलं.

"बाबूजी," ती म्हणाली, "आप चला के लाए?"

"मी चालवली," आजोबा म्हणाले. "आणली या पोट्ट्यांनी."

देवीदास खाली उतरून जीपला वळसा घालून आले. त्यांनी वाकून पुढचं चाक बघितलं, मग मागचं. "मी मिस्त्रीला फोन केला होता," ते मुलांना म्हणाले. "तुम्ही खाली वाकून पाहिलं. माझी चूक झाली रे. शाबास."

"आजोबांनी मोजलं," श्रावणी म्हणाली.

आजोबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मंदाकिनीला विचारत होते की पेरूच्या झाडांना पाणी कोण देतं, विहिरीचा पंप चालतो का, आणि हरभरा पेरायला अजून किती दिवस आहेत.

"दस-बारह दिन," ती म्हणाली.

"मग पुढच्या रविवारी बियाणं घेऊन येतो," आजोबा म्हणाले, आणि चपला धुऱ्यावर काढून शेतात उतरले.